पाहुण्याची वही आणि गावाची वही

क्षेत्रकार्य म्हणजे अभ्यासकाने आपले टेबल, पंखा आणि संदर्भग्रंथ मागे ठेवून, ज्या लोकांविषयी लिहायचे त्यांच्यात जाऊन राहणे, त्यांची भाषा शिकणे, त्यांच्या पंगतीला बसणे आणि जे दिसेल ते रोजच्या रोज टिपून ठेवणे, अशी व्याख्या मानववंशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असते, आणि ती चुकीची आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून या पद्धतीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली; पुढे त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ साली, त्यांची खासगी दैनंदिनी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या तंबूत शास्त्राबरोबर वैताग, घरची ओढ आणि कादंबऱ्यांचे वाचन हेही मुक्कामाला होते, असे जगाला कळले. या व्याख्येत एक गृहीतक मात्र दडलेले असते, ते असे की, माहिती ही काढणीनंतर शेतात सांडलेल्या दाण्यांप्रमाणे गावभर पडलेली असून ती वाकून वेचण्याचेच काय ते बाकी आहे. नैऋत्य चीनमधील म्याओ लोकांच्या डोंगरी गावांत हे गृहीतक बहुधा वेशीवरच निकालात निघते, कारण तेथे माहिती सांडलेली नसते. ती उसनी मिळते, आणि उसन्याची परतफेड कधी, कशात आणि किती करायची हे गावाला पाठ असते, अभ्यासकाला नसते.

म्याओ या नावाचा मांजराशी काही संबंध नाही, हे मराठी वाचकाला आधीच सांगून टाकलेले बरे. चिनी लिपीत हे नाव शेताच्या चिन्हावर गवताचे चिन्ह ठेवून लिहितात आणि त्याचा अर्थ रोप असा होतो. चीन सरकारने मान्य केलेल्या ५६ वंशसमूहांपैकी हा एक असून २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर गेली, आणि त्यातील मोठा भाग ग्वेइझोऊ प्रांतात राहतो. म्याओ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले; हे लोक स्वतःला प्रदेशानुसार ह्मू, ह्मोंग, आ-ह्माओ, छो-शोंग अशा निरनिराळ्या नावांनी ओळखतात, आणि यांपैकी एकाची बोली दुसऱ्याला कळेलच अशी खात्री कोणी देत नाही. छिंग राजवटीत तयार झालेल्या हस्तलिखित चित्रसंग्रहांना 'शंभर म्याओंची चित्रे' असे भारदस्त नाव मिळाले होते. प्रत्यक्षात त्यांतील प्रसिद्ध यादी ८२ समूहांवर येऊन थांबते, आणि त्या ८२ पैकी कितीतरी समूह आजच्या वर्गीकरणात म्याओ ठरतच नाहीत. १९०२ साली जपानी अभ्यासक तोरिई र्यूझो हे या डोंगरांत मोजमापाची साधने घेऊन फिरले, १९३३ साली लिंग छुनशेंग आणि रुई यीफू यांनी पश्चिम हूनानमधील म्याओ गावे पालथी घातली, आणि १९५० साली फेइ श्याओथोंग हे सरकारी भेटमंडळाबरोबर ग्वेइझोऊला आले. अभ्यासकाला म्याओ गावाची सवय होण्यास काही महिने लागतात. म्याओ गावाला अभ्यासकाची सवय होऊन आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत.

गावात शिरण्याच्या दोन परवानग्या असतात आणि त्यांपैकी अभ्यासकाकडे एकच असते. विद्यापीठापासून प्रांत, विभाग, तालुका अशा पायऱ्या उतरत आलेले, प्रत्येक पायरीवर लाल गोल शिक्क्याने सजलेले शिफारसपत्र तो ग्रामसमितीच्या कार्यालयात सादर करतो, आणि तेथे त्या पत्राचा यथोचित आदर होऊन ते खणात जाते. गावाचा खरा कारभार मात्र जेथे चालतो तेथे शिक्का चालत नाही. तेथे गावातील वडीलधारी मंडळी असतात, आणि शिजियांगसारख्या मोठ्या गावात त्यांच्या जोडीला दोन वंशपरंपरागत मानकरी असतात, एक पूर्वजांच्या उत्सवाचा आणि दुसरा शेतीच्या कामाचा, ज्याने भाताच्या लावणीचा मुहूर्त केल्याशिवाय इतर कोणी खाचरात रोप लावायचे नाही अशी रीत आहे. परवानगी नाकारण्याची गावाची पद्धतही कागदाविना चालते. गवताच्या काड्यांची एक गाठ वाटेवर, दारावर किंवा सरपणाच्या मोळीवर लावलेली असते, आणि ती पाहून शहाणा माणूस मागे फिरतो. 'गाव झाडण्याचा' विधी, म्हणजे आगीच्या देवतेला गावाबाहेर घालवण्याचा दिवस असेल, तर घराघरांतील चुली विझवल्या जातात, वेशीवर गवताची खूण लावली जाते आणि परक्याला आत घेतले जात नाही. हा विधी पाहण्यासाठीच दोन दिवस प्रवास करून आलेला अभ्यासक अशा वेळी वेशीबाहेर उभा राहून, परक्यांना प्रवेश नसतो एवढे एकच निरीक्षण, पण अत्यंत विश्वसनीय असे, नोंदवून घेतो.

इतर दिवशी मात्र वेशीवर अडवणूक होते ती आत घेण्यासाठी. वाट अडवून दारू पाजण्याची ही प्रथा म्हणजे पाहुण्याच्या मार्गात एकामागून एक टेबले मांडणे आणि प्रत्येक टेबलापाशी तांदळाच्या दारूचा एक घोट दिल्यावाचून त्याला पुढे न सोडणे. मोठ्या सन्मानाच्या प्रसंगी असे अडथळे बारापर्यंत जातात आणि शेवटच्या अडथळ्यावर रेड्याचे शिंग असते. या शिंगाचा एक नियम आहे, जो संशोधनपद्धतीच्या कोणत्याही ग्रंथात सापडत नाही: पाहुण्याने शिंगाला हात लावला, तर ते पूर्ण रिकामे करण्याची जबाबदारी त्याची, हात मागे ठेवून नुसते ओठ पुढे केले, तर घोटभरावर सुटका होते. सभ्य घरात वाढलेला अभ्यासक, समोरून दोन्ही हातांनी दिलेली वस्तू दोन्ही हातांनीच घ्यावी असे लहानपणापासून शिकलेला असतो, आणि त्यामुळे क्षेत्रकार्याच्या पहिल्या दिवसाच्या नोंदी पहिल्या पानावर सरळ, दुसऱ्या पानावर तिरप्या आणि तिसऱ्या पानावर केवळ ठिपक्यांच्या स्वरूपात आढळतात. गावाच्या दृष्टीने मात्र हा दिवस वाया गेलेला नसतो. या माणसाला नियम ठाऊक नाहीत, पण तो दिलेले नाकारत नाही, ही नोंद गावाने करून ठेवलेली असते.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. ग्वेइझोऊच्या आग्नेय भागातील ह्मू बोलीत आठ सूर आहेत. सूर म्हणजे शब्द उच्चारताना आवाज किती उंचीवर धरायचा, चढवायचा की उतरवायचा याचा नियम, आणि तो बदलला की अर्थही बदलतो. १९५६-५७ च्या सुमारास या बोलीसाठी रोमन लिपी ठरवण्यात आली तेव्हा सुरांच्या खुणा अक्षरांच्या डोक्यावर देण्याऐवजी शब्दाच्या शेवटी एकेक व्यंजन जोडण्याची युक्ती योजली गेली, त्यामुळे ह्मू हे नावच लिहिताना शेवटी 'ब' येतो आणि भात या अर्थाच्या 'गा' या शब्दाच्या शेवटी 'द' येतो. हे 'ब' आणि 'द' लिहायचे असतात, वाचायचे असतात, पण उच्चारायचे मात्र नसतात. पुस्तकावरून भाषा शिकून आलेला अभ्यासक ही सारी शेवटची व्यंजने निष्ठेने उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला तो प्रत्येक शब्दानंतर उचकी देत आहे असे वाटते. सहा महिन्यांनंतर तो सात सूर ओळखू लागतो आणि आठवा आपल्याला ऐकू येतो असे लिहू लागतो. या काळात त्याची खरी शिक्षिका म्हणजे ज्या घरी तो उतरला आहे तेथील पाच-सहा वर्षांची मुलगी असते, जी त्याचे उच्चार दिवसभर सुधारते आणि संध्याकाळी त्यातील निवडक नमुने शेजारपाजारी सादर करते.

कुटुंबांची यादी करणे हे पाठ्यपुस्तकांच्या मते क्षेत्रकार्यातील सर्वांत सोपे काम असून ते पहिल्या आठवड्यात उरकावे, असा सल्ला दिलेला असतो. या भागात माणसाच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडण्याची जुनी पद्धत आहे, आणि पाश्चात्त्य अभ्यासकाला तिच्यावर एक प्रकरण खर्ची घालावे लागत असले, तरी स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे नाव लावत जन्म काढलेल्या मराठी वाचकाला त्यात विशेष काही वाटणार नाही. घोटाळा पुढे होतो, कारण घरात हाक मारण्याचे हे म्याओ नाव वेगळे, शाळेच्या आणि सरकारच्या दप्तरातील आडनावासकटचे चिनी नाव वेगळे, आणि नातेवाचक हाक तिसरी. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या यादीत गावाची लोकसंख्या प्रत्यक्षाच्या अडीचपट भरते आणि ती पुढचे वर्षभर हळूहळू घटत जाते.

नात्यांच्या बाबतीतही मराठी वाचक आरंभी सुखावतो आणि नंतर सावध होतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या पद्धतीची जी चर्चा केली आहे, ती पद्धत महाराष्ट्रातील अनेक घरांना ग्रंथ न वाचताही ठाऊक असते. म्याओ समाजातही जुन्या रीतीनुसार मामाचा हक्क मोठा, परंतु त्याची दिशा उलटी: मराठी भाचा मुलगी मागायला मामाकडे जातो, तर म्याओ मामा आपल्या मुलासाठी मुलगी मागायला बहिणीकडे येतो, आणि भाची दुसरीकडे दिली गेली, तर मामाला भरपाईदाखल रक्कम द्यावी लागत असे. अभ्यासकाने हे सारे आकृतीत मांडून झाले की गाव त्यालाही आकृतीत एक जागा देते, कारण नात्यावाचून मोकळा फिरणारा माणूस गावाला परवडत नाही. तो घरमालकाचा धाकटा भाऊ ठरला, की त्याच दिवसापासून कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही, कोणापुढे कोणता विषय काढायचा नाही आणि कोणाच्या बारशाला किती द्यायचे हे ठरून जाते. प्रश्नावलीतील चौदा प्रश्न या नात्यामुळे विचारण्याजोगे उरत नाहीत. उरलेल्यांची उत्तरे, घरचाच माणूस असल्यामुळे, त्याला ठाऊक असायलाच हवीत असे समजून कोणी देत नाही.

वेळापत्रकाचा विरोध तर मुळातलाच आहे. जगातील अनेक विद्यापीठांना दीर्घ सुटी उन्हाळ्यात असते, आणि म्हणून अभ्यासक जुलै-ऑगस्टमध्ये लुशेंग ऐकायला येतो. लुशेंग म्हणजे बांबूच्या उभ्या नळ्या एका लाकडी पेटीत बसवून फुंकण्याचे वाद्य, जे म्याओ उत्सवांचा प्राण समजले जाते. परंतु अनेक गावांत भाताची लावणी सुरू झाल्यापासून नवे पीक हाती येईपर्यंत लुशेंग वाजवणे निषिद्ध आहे, कारण त्याने पिकाला बाधा होते अशी समजूत आहे. त्यामुळे अभ्यासकाला ते वाद्य भिंतीवर टांगलेल्या अवस्थेत सर्व बाजूंनी पाहता येते. म्याओ नववर्ष सुगीनंतर, चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्याच्या आसपास येते, आणि तेव्हा अभ्यासक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असतो. पूर्वजांच्या ढोलाचा मोठा उत्सव, ज्यात रेड्यांचा बळी दिला जातो, बारा वर्षांचे चक्र संपल्यावर तेराव्या वर्षी होतो. शिष्यवृत्तीची मुदत दोन किंवा फार तर तीन वर्षांची असते, आणि 'पुढच्या वेळी या' असे गावकरी म्हणतात तेव्हा त्यात टोमणा मुळीच नसतो.

आठवड्याऐवजी येथील जुन्या बाजारांचे दिवस राशिचक्रातील बारा प्राण्यांवरून ठरत, आणि त्यामुळे ग्वेइझोऊच्या नकाशावर बैलबाजार, घोडेबाजार, कुत्रेबाजार अशी गावांची नावे विखुरलेली दिसतात. कुत्रेबाजारात कुत्रीच विकतात असे नव्हे, तर तो कुत्र्याच्या दिवशी भरे, एवढाच त्याचा अर्थ. वाघाच्या दिवशी भरणाऱ्या बाजाराला मात्र वाघाचे नाव घेण्यास लोक बिचकले आणि त्यांनी त्याला मांजरबाजार म्हटले. म्हणजे ज्या मांजराला या लेखाच्या आरंभी बाहेर घालवले होते, ते प्रांताच्या नकाशावर अखेर सापडतेच. बाजाराच्या दिवशी गावात मुलाखतीसाठी कोणी नसते, इतर दिवशी सगळे शेतात असतात, आणि पावसाच्या दिवशी सगळे घरी असतात. ग्वेइझोऊत तीन दिवस सलग ऊन पडत नाही अशी म्हणच असल्यामुळे, संशोधन होते ते या पावसाच्या कृपेने.

घराची रचनाही संशोधनाला हातभार लावते. डोंगरउतारावर खांब रोवून उभारलेल्या लाकडी घरात तळाशी डुकरे आणि गुरे, मध्ये माणसे आणि वर धान्याचा माळा अशी तीन मजल्यांची व्यवस्था असते, आणि मधल्या मजल्याच्या फळ्यांना फटी असल्यामुळे तळमजल्यावरील मतभेद रात्रभर वर ऐकू येतात. मधल्या मजल्याच्या दर्शनी बाजूला बाहेर झुकलेल्या कठड्याचा लांब बाक असतो, ज्याला चिनीत 'सुंदरींचे टेकण' म्हणतात. तेथे बसून तरुणींनी भरतकाम करावे अशी अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात तरुणी ग्वांगदोंग किंवा झेजियांगमधील कारखान्यांत गेलेल्या असल्याने तेथे बहुधा आजी, नातू आणि अभ्यासक अशा क्रमाने मंडळी टेकलेली असतात. पहाटे कोंबडा, त्यानंतर डुकरे, आणि त्यानंतर निळीत बुडवून अंड्याचा पांढरा बलक चोपडलेले कापड चकाकी येईपर्यंत लाकडी मोगरीने कुटण्याचा ठोका सुरू होतो. ध्वनिमुद्रित लोककथांच्या संग्रहांत पार्श्वभूमीला जे लयबद्ध तालवाद्य ऐकू येते ते पुष्कळदा हेच होय.

जेवण चुलीवर उकळत्या भांड्याभोवती, वीतभर उंचीच्या बुटक्या स्टुलांवर बसून होते, आणि त्या भांड्यात आंबट सार असते. तांदळाचे धुवण आंबवून केलेले पांढरे सार आणि टोमॅटो व मिरच्या आंबवून केलेले लाल सार असे त्याचे दोन मुख्य प्रकार असून त्यात भातखाचरातच वाढवलेला कार्प मासा, जुन्या रीतीनुसार पित्ताची पिशवी तेवढी काढून, अखंड सोडतात. तीन दिवस आंबट पोटात गेले नाही तर चालताना पाय लटपटतात, अशी येथील म्हण आहे. तीन दिवस पोटात गेल्यावर अभ्यासकाचेही पाय लटपटतात, पण त्याचे कारण बहुधा बुटके स्टूल असते. कोंबडी कापली असेल, तर तिचे डोके घरातील वडीलधाऱ्याला किंवा सन्मान्य पाहुण्याला देतात. हे डोके आपल्या वाडग्यात येऊन पडणे हा स्वीकाराचा परमोच्च क्षण आहे, असे प्रबंधांत लिहिलेले आढळते. त्या डोक्याचे पुढे काय झाले याविषयी प्रबंध मौन पाळतात.

खऱ्या अर्थाने विद्वत्तेची कसोटी लागते ती गाण्याच्या बैठकीत. म्याओंची प्राचीन गीते, ज्यांचा चीनने २००६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत समावेश केला, ही विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरू होतात: मॅपलच्या झाडातून फुलपाखरू-माता जन्मते, पाण्यावरील बुडबुड्याशी तिचे जमते, ती बारा अंडी घालते, आणि त्यांतून मेघगर्जनेचा देव, वाघ, साप, रेडा यांच्याबरोबर आद्य मानव बाहेर येतो. म्हणजे माणूस हा वाघाचा आणि विजेच्या कडकडाटाचा सख्खा भाऊ, आणि भावाभावांत वाटणीवरून जे होते ते पुढे होतेच. या गीतांचे वैशिष्ट्य असे की ती सवालजवाबाच्या रूपात असतात. एक जोडी विचारते, दुसरी उत्तर देते आणि उत्तरानंतर स्वतःचा प्रश्न टाकते, आणि ज्यांना उत्तर सुचले नाही त्यांनी पिऊन भरपाई करायची. अशा समाजात कोणी एक माणूस वही उघडून नुसतेच प्रश्न विचारत सुटला आणि स्वतःवर उत्तराची पाळी कधीच येऊ देईना, तर त्याला काय म्हणावे हे गावाला कळत नाही. मग त्याला गाण्याचा आग्रह होतो. एका क्षणी तो उठतो आणि शाळेत पाठ केलेली प्रार्थना दोन्ही हात शरीराला चिकटवून म्हणतो, आणि अभ्यासकांच्या आठवणींतून पुनःपुन्हा आढळते ते हेच, की महिनोन्महिने न मिळालेली उत्तरे त्या बेसूर प्रार्थनेनंतर मिळू लागतात. प्रार्थनेत काही विशेष नसते; फक्त पहिल्यांदाच त्याच्याकडून काहीतरी दिले गेलेले असते.

न बोलता दिलेली उत्तरे वाचणे हा याच विद्येचा प्रगत अभ्यासक्रम आहे. ताइजियांग तालुक्यातील शिदोंग येथे तिसऱ्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास होणाऱ्या भगिनीभोजनाच्या उत्सवात तरुणी निरनिराळ्या रंगांचा चिकट भात रुमालात बांधून तरुणांना देतात, आणि उत्तर भाताच्या पोटात दडलेले असते: काड्यांची जोडी निघाली तर मन जुळले, पाइनच्या सुया निघाल्या तर पुढच्या वेळी भरतकामाचा दोरा आणावा, आणि लसूण किंवा मिरची निघाली तर तरुणाने आपली वाट धरावी. या वेळी मुली अंगावर चांदीची शिंगे, गळपट्टे आणि घुंगरे मिळून काही किलोंचे, क्वचित दहा किलोंहूनही जास्त वजन वागवीत असतात, आणि नाकापेक्षा मोती जड ही म्हण येथे वजनकाट्यावर सिद्ध करून दाखवता येते. अभ्यासकाला मिळालेल्या भातात मिरची निघाली, तर ती नकाराची खूण आहे की स्वयंपाकाचा भाग, यावर तळटीप लिहावी लागते, कारण ग्वेइझोऊत मिरची नसलेला पदार्थ शोधणे हे स्वतंत्र संशोधन ठरेल.

अस्सल काय आणि देखाव्याचे काय, हा प्रश्न अभ्यासकाला जितका छळतो तितका गावाला छळत नाही. लुइझा शाइन यांनी १९८० च्या दशकात शिजियांगला राहून केलेल्या अभ्यासावर आधारित ग्रंथात, म्याओ लोक आपली संस्कृती स्वतःच कशी मांडतात आणि वापरतात, याकडे २००० सालीच लक्ष वेधले होते. लांगदे या गावाने तर पाहुण्यांसाठीच्या कार्यक्रमाची मिळकत वाटून घेण्यासाठी सामुदायिक शेतीच्या काळातील कामाच्या गुणांची पद्धत पुन्हा वापरात आणली. जो स्वागताला, नाचाला, वादनाला उभा राहील त्याला गुण, पोशाखाप्रमाणे कमीजास्त गुण, आणि म्हाताऱ्यांना व पोरांनाही त्यांचा वाटा. परंपरा जिवंत ठेवल्याबद्दल आजीबाईंना किती गुण मिळावेत हे जगातील कोणतीही परिषद ठरवू शकलेली नाही. लांगदेने ते चिठ्ठीवर लिहून वाटले. नव्या भाताचा प्राचीन सण टिपण्यासाठी ताइपान गावी आलेल्या अभ्यासकाला सहाव्या चांद्र महिन्याच्या सहाव्या दिवशी बास्केटबॉलचे सामने दिसतात आणि हे आधुनिकतेचे आक्रमण म्हणून तो कॅमेरा दुसरीकडे वळवतो. प्रत्यक्षात सणाला बास्केटबॉल खेळणे ही तेथे कित्येक दशकांची रूढी आहे, बक्षीस म्हणून बैल आणि तांदूळ दिले जातात, आणि २०२२ साली या सामन्यांच्या चित्रफिती देशभर पसरून ताइपान प्रसिद्ध झाले ते कॅमेरा दुसरीकडे न वळवणाऱ्यांमुळे.

गावाला ज्याची खरी भीती वाटते ती आधुनिकता नव्हे, आग होय. लाकडी घरे एकमेकींना खेटून उभी असल्याने एका चुलीची चूक सगळ्या डोंगराला भोवते, आणि म्हणून रात्री एक जण घंटा किंवा झांज वाजवीत, आग सांभाळा असे ओरडत गल्लीबोळांतून फिरतो. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला लेइशान भागातील गावनियमांनुसार 'चार वेळा १२०' असा दंड होतो: १२० जिन मांस, १२० जिन तांदूळ, १२० जिन दारू, आणि चौथी बाब गावानुसार वेगळी. जिन म्हणजे अर्धा किलो, हे लक्षात घेतले तर दंड चांगलाच घसघशीत आहे हे दिसेल. पण त्याची खरी मेख अशी की, हे सर्व शिजवून संपूर्ण गावाने एकत्र बसून खायचे असते. गुन्हेगाराला वाळीत टाकण्याऐवजी त्यालाच यजमान करून सोडणाऱ्या या न्यायपद्धतीत, शिक्षा आणि पंगत यांत नेमका फरक कोणता हे विधिशास्त्राच्या अभ्यासकाला पहिल्या तीन वाडग्यांपर्यंत सांगता येते.

अशा रीतीने मुक्काम संपत येतो तेव्हा अभ्यासकाकडे भरलेल्या वह्यांची चळत असते आणि तिच्यावर त्याचा जीव जडलेला असतो. वह्यांवर फार विसंबू नये याचे उदाहरण भारतीय समाजशास्त्रातच आहे: एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातील रामपुरा या गावाविषयी तयार केलेली टिपणे १९७० साली स्टॅनफर्ड येथे लावल्या गेलेल्या आगीत तिन्ही प्रतींसह जळाली, आणि १९७६ साली आलेले त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यांना आठवणींच्या आधारे लिहावे लागले. गावाची वही मात्र पेटीत, कुलपाखाली असते. बारसे, लग्न, घराचा सांगाडा उभारणे किंवा अंत्यविधी असे कोणतेही कार्य असो, दारापाशी टेबल मांडून एक अक्षरओळखीचा गृहस्थ बसलेला असतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाने काय आणले, किती तांदूळ, किती कापड, किती रोख, हे तो लाल कागदाच्या वहीत उतरवून घेतो. ही आहेराची वही चीनच्या खेड्यांत सर्वत्र आढळते, आणि यान युनश्यांग यांनी उत्तरेकडील एका हान गावातील अशाच याद्यांच्या आधारे देण्याघेण्याच्या व्यवहारावर १९९६ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. तिची अचूकता कोणत्याही प्रश्नावलीला लाजवणारी असते, कारण प्रश्नावलीतील चुकीची शिक्षा फार तर परीक्षकाचा शेरा असते, तर या वहीतील चुकीची शिक्षा दोन घराण्यांत बोलणे बंद होणे ही असते.

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या कार्याला अभ्यासकही रांगेत उभा राहतो, रक्कम देतो, आणि घरमालकिणीच्या सल्ल्याने आणलेली बदके पुढे करतो. वर्षभर तो ज्यांना मोजत होता ते आता त्याला मोजून घेतात. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तो पुढे सगळ्या गावाचे एका वाक्यात आभार मानेल आणि हिशेब मिटला असे समजेल. गाव आभार मानत नाही, नोंद ठेवते, आणि एखाद्या वर्षी घरमालकाचा मुलगा शिक्षणासाठी त्याच्या शहरात उतरेल तेव्हा खारवलेल्या माशांचे मडके घेऊन कोणाच्या दारी जायचे याविषयी त्याच्या मनात संदेह नसेल. टेबलामागचा गृहस्थ चष्मा सारखा करून विचारतो, ऐकतो, पुन्हा विचारतो आणि लिहितो. त्या नोंदीत अभ्यासकाचे नाव चुकलेले असते, गाव चुकलेले असते, देशाचे नाव शेजारच्या देशाचे पडलेले असते. बदकांची संख्या मात्र बरोबर असते.